न विचारता दाखवलेली हळद

“शिकलेली बाई, पगाराची बाई, चष्म्याची बाई, पर दारात उभं राहून ‘येऊ का’ म्हनायची रीत न्हाई!”

हे जनकाबाई सकाळपासून चुलीला सांगत होती, गोठ्यातल्या गाईला सांगत होती, आणि मधूनच कुंपणापलीकडून जाणाऱ्या कुणाला ऐकू जाईल एवढा आवाज चढवून साऱ्या गल्लीला सांगत होती. बाई म्हणजे शाळेतली प्रियदर्शनी मॅडम. वसमतहून रोज स्कूटीवर यायची, हसून बोलायची, लेकरांची शेंबडी नाकं स्वतःच्या रुमालानं पुसायची. एरवी जनकाबाईला तिच्यात खोट दिसली नव्हती. पण आदल्या दिवशी जनकाबाई जवळा बाजार या गावी आठवडी बाजाराला गेली, आणि तिच्या माघारी मॅडम अख्खा वर्ग घेऊन तिच्या अंगणात शिरली. अंगणात हळद वाळत होती. मॅडमनं मोबाईल वर धरला आणि ती सगळी हळद, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कोकणातल्या कुठल्याशा समुद्राकाठच्या शाळेला दाखवली.

जनकाबाई काळीपिवळी जीपमधून उतरून घरी आली तेव्हा अंगणात कुणी नव्हतं. पण फरशीवर हळदीची पिवळी धूळ बसलेली असते, तिच्यात बारीक बारीक पावलं उमटली होती. अनवाणी पावलं. कुंपणाशी चपला काढून आलेली. पाखरांचा थवा उतरून दाणे टिपून गेल्यावर दिसावी तशी ती पावलं हळदीच्या कडेकडेनं फिरून परत गेली होती, आणि एकाही हळकुंडाला धक्का लागलेला नव्हता.

“चपला काढायची आठवण कुणी केली?” तिनं विचारलं.

“मी,” वैष्णवी म्हणाली. ही तिची नात. तिसरीत होती. अंगानं काडी, डोळे मात्र मोठाले, बघेल ते सगळं आत ठेवून घेणारे.

“अन् मला विचारायची आठवण?”

वैष्णवीनं बापाकडं पाहिलं. सोमेश्वरनं छताकडं पाहिलं. “आये, मॅडमनं मला विचारलं होतं. मी म्हनलो, घ्या दाखवून. लेकरांचा अभ्यास हाय.”

“तुला विचारलं? तुला मी विचारत न्हाई, अन् ती विचारती!”

सोमेश्वर गोठ्याकडं निघून गेला. या घरात राग आला की बाप्या माणसांनी गोठ्याकडं जायचं, असं कुणी ठरवलं नव्हतं. पण जनकाबाईचा नवरा होता तेव्हापासून ते तसंच चालत आलं होतं.

गोष्ट साधी नव्हती. या घराची एक रीत होती, जनकाबाईच्या सासूच्याही सासूनं घालून दिलेली. हळद शिजवायची, वाळवायची, मग तिची रास करायची. राशीतला पहिला पसा मळ्यातल्या विहिरीवर न्यायचा, तिथं शेंदूर फासलेल्या आसरा, पाण्याच्या देवी, आहेत, त्यांच्यापुढं ठेवायचा. पाणी त्यांचं, म्हणून पहिली हळद त्यांची. तोवर परक्याची नजर हळदीवर पडू द्यायची नाही. पाहुणा आला तरी त्याला पुढच्या दारानं घरात घ्यायचं आणि अंगणाच्या बाजूची खिडकी लोटून घ्यायची. आणि इथं तर एक पाहुणा नाही, अख्खी शाळा बघून गेली. तीही न येता!

“किती पोरं व्हती पलीकडं?”

“लई,” वैष्णवी म्हणाली. तिचा चेहरा एकदम उजळला. “आज्जे, त्यायनी हळद कधी वाळताना बघितलीच न्हाई! त्यायला वाटायचं हळद डब्यात ऱ्हाती. एक पोरगी तर म्हनली, तुमच्या अंगनात ऊन सांडलंय. अन् आता शुक्रवारी ते आमाला समुद्र दाखवणार हायेत. खरा समुद्र! शाळेतल्या मोठ्या पडद्यावर!”

“कुनी दाखवंना. तू शाळंत जानार न्हाईस. हळद पोत्यात भरेपर्यंत घरी. अन् मग वसमतला मामाकडं. तिथं शाळा हाय, बराबर शाळा, गेट असलेली. हितला दाखला मी काढून आनते.”

वैष्णवी रडली असती तर जनकाबाईला बरं वाटलं असतं. रडणाऱ्या लेकराला दटावता येतं, मग जवळ घेता येतं. ही पोरगी रडली नाही. ती ओट्याच्या कडेला बसली आणि वाळणारी हळद हातानं उलटत राहिली. एकेक हळकुंड, जसं काही त्याच्या पोटात काही वाजतंय का ते ऐकत असावी.

*

मार्चातली दुपार हिंगोलीकडं कशी असते ते सांगून कळत नाही. सारं गाव डोळे मिटून पडलेलं असतं आणि उजेड मात्र जागा असतो. अंगणात पसरलेल्या हळदीवरून तो उजेड उठायचा आणि घरात शिरायचा, भिंती पिवळ्या व्हायच्या, माठावरचं झाकण पिवळं व्हायचं, जनकाबाईच्या पांढऱ्या केसांना नव्या नवरीसारखी हळद लागायची. शिजलेल्या हळदीचा गोडसर, मातकट वास नाकात बसला की माणसाला ना धड झोप ना धड जाग. जनकाबाई उंबऱ्याला टेकून बसली, हातात काठी, पाखरं हाकलायला. काठी हातात राहिली आणि ती कुठंतरी निघून गेली.

तिला दिसलं ते असं. अंगणावर डोळे आलेत. लहान लेकरांचे, काळेभोर, पाण्यातल्या मासोळ्यांसारखे लुकलुकणारे. एकेका हळकुंडावर एकेक डोळा बसतोय आणि हळूच उडून दुसऱ्यावर जातोय. त्यांना हाकलायला तिनं काठी उचलली, पण काठी पाण्यातून उचलावी तशी जड झाली. पाणी कुठून आलं? अंगणात पाणी होतं. पिवळं, कोमट, घोट्याएवढं. आणि त्याला आवाज होता. तिनं पाण्याचे सगळे आवाज ऐकले होते, मोटेचा, पाटाचा, सिद्धेश्वरच्या धरणाची दारं उघडतात तेव्हाचा. हा त्यातला कुठलाच नव्हता. हा आवाज येत होता आणि जात होता, कुणी मोठं जनावर झोपेत श्वास घेतं तसा.

“आज्जे.”

ती जागी झाली. वैष्णवी समोर बसली होती.

“समुद्राला पलीकडचा काठ असतो का गं?”

“मला काय ठाव? मी काय तिथं नांदायला गेले व्हते?”

“पुस्तकात समुद्राचं चित्र हाय. पर ते आपल्या धरनासारखंच दिसतं, भिंत न काढलेलं धरन. मी मॅडमला विचारलं, मॅडम म्हनल्या, हे तू तिकडच्या मानसालाच विचार. वर्गातून मीच विचारनार व्हते.” ती थोडी थांबली. “आता माझ्याऐवजी दुसरं कुनी विचारंल.”

पोरीच्या आवाजात तक्रार नव्हती. जनकाबाईला ते जास्त लागलं. ही पोरगी दोन वर्षं वर्गात तोंड उघडत नव्हती. मास्तरांनी नाव विचारलं तरी मान खाली घालायची; घरी यायची आणि चिमणीशी बोलायची. तो मोठा पडदा शाळेत आला, त्याच्यातून परगावची लेकरं बोलायला लागली, आणि या मुक्या पोरीला कंठ फुटला. हे जनकाबाईला दिसत नव्हतं असं नाही. पण दिसलेलं सगळं बोलून दाखवायची तिची पद्धत नव्हती.

संध्याकाळी आभाळ भरून आलं. सोमेश्वर आणि त्याची बायको धावत ताडपत्री घेऊन आले. दोन थेंबही पडले नाहीत, तरी जनकाबाई म्हणाली, “बघा. लागली नजर.”

*

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर प्रियदर्शनी मॅडम घरी आली. पुढच्या दारात उभी राहिली. खिडकी लोटलेली होती.

“जनकामाय, वैष्णवी दोन दिवस आली नाही. बरं नाही का तिला?”

“तिला बरं हाय. मलाच तकलीफ हाय. माझ्या घरात माझ्या माघारी यात्रा भरती, त्याची.”

मॅडमला कळलं. ती म्हणाली, “मी सोमेश्वरदादांना विचारलं होतं.”

“व्हय. उद्या माझ्या म्हशीला विचारून धार काढून न्या.”

मॅडमला हसू आलं आणि ते तिनं चष्मा पुसायच्या निमित्तानं लपवलं. जनकाबाईनं ते पाहिलं. हसू लपवणारं माणूस तिला उघड हसणाऱ्यापेक्षा बरं वाटायचं. पण तेही ती बोलली नाही.

“माय, उद्या शुक्रवार आहे. समुद्राचा दिवस. तिकडच्या गुरुजींची बदली झाली आहे, पुढच्या आठवड्यात ते तिथं नसतील. पुन्हा कधी जमेल सांगता येत नाही. पोरीला उद्यापुरतं पाठवा. मग माझ्यावर काय रागवायचं ते रागवा.”

“उद्या येनार हाय,” जनकाबाई म्हणाली. “मी येनार हाय. दाखला काढायला.”

मॅडमनं स्कूटीची चावी हातात घेतली. मग “या,” म्हणाली आणि गेली. तिच्या स्कूटीमागं उठलेली धूळ उन्हात बराच वेळ तरंगत राहिली, खाली बसायचं विसरल्यासारखी.

*

शुक्रवारी सकाळच्या शाळेला जनकाबाई इरकली लुगडं नेसून निघाली. गावच्या पंचायतीत जायचं असो की भांडायला, ती इरकलीच नेसायची. वैष्णवीचा हात तिच्या हातात होता. वाटेत तिनं बजावलं, “पडद्याकडं बघायचं न्हाई. आपलं काम दाखल्याचं.”

“बरं,” वैष्णवी म्हणाली.

वर्गात खिडक्यांना जुन्या साड्या बांधून अंधार केला होता. साड्या पातळ होत्या. त्यांच्यातून निळा, हिरवा, गुलाबी उजेड गाळून आत येत होता आणि लेकरं त्या रंगीत अंधारात मांडी घालून बसली होती, पाण्याच्या तळाशी बसल्यासारखी. समोर भिंतीवर मोठा पडदा काळा, गप्प. त्याच्यावर टिकलीएवढा कॅमेरा.

“दाखला काढा,” जनकाबाई दारातूनच म्हणाली.

“काढते, माय. हेडसरांची सही लागते, ते येतायत. तोवर बसा.” मॅडमनं स्वतःची खुर्ची पुढं केली.

जनकाबाई खुर्चीवर बसली, पाठ ताठ. वैष्णवी दाराशी राहिली. बरोबरच्या पोरी तिला “ये, ये” म्हणून खुणा करत होत्या. तिनं मान हलवली, आणि पडद्याकडं पाठ फिरवून, भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

जनकाबाईनं बघू नको म्हटलं होतं. पाठ फिरव म्हटलं नव्हतं. पण पोरगी तिच्याच वळणाची. एकदा बरं म्हटलं की बरं.

तेवढ्यात पडदा उजळला.

आधी नुसता पांढरा उजेड. मग कुणाचा तरी अंगठा. लेकरं हसली. मग अंगठा बाजूला झाला आणि सगळ्या वर्गाचा श्वास एकदम आत गेला. जनकाबाईचाही.

ते निळं नव्हतं. पुस्तकात निळं असतं. हे राखाडी होतं, रुपेरी होतं, मध्येच हिरवं होतं, आणि एका जागी थांबत नव्हतं. जिथं आभाळ टेकायला हवं तिथं तेच पुढं गेलेलं, आणि त्याच्याही पुढं तेच. जनकाबाईनं पायातल्या चपला नकळत काढल्या. राशीपुढं काढतात तशा.

पलीकडचे गुरुजी बोलत होते, त्यांची लेकरं ओरडत होती, “दिसला काय रे, दिसला?” गुरुजी मोबाईल घेऊन वाळूतून चालायला लागले. पडदा डुलायला लागला, वर्ग त्याच्याबरोबर डुलायला लागला. होड्या आल्या, जाळी आली, एक कुत्रं आलं. मग किनाऱ्यावरचं एक झोपडं, आणि त्याच्यापुढं चटया पसरून मासळी वाळत घातलेली. चांदीसारखी, ओळीनं, कडेकडेनं जायला वाट ठेवून. अगदी हळदीसारखी. एक म्हातारी हातात काठी घेऊन कावळे हाकलत होती.

म्हातारीनं वर पाहिलं. मोबाईल पाहिला. आणि काठी उगारून अशी काही कडाडली, की इथं हिंगोली जिल्ह्यात पुढच्या ओळीतली लेकरं मागं सरकली.

“रे मास्तरा! कोणाक इचारून दाखवतंस माझी मासळी? पयलो मासो दर्याक देऊक नाय अजून!”

“आजी, शाळेतली पोरं आहेत, लांबची...” गुरुजी चाचरले.

“पोरां असूंदेत! दिष्ट ती दिष्ट!”

वर्गातल्या लेकरांना तिची बोली नीट कळली नाही. मॅडमला अर्धी कळली. जनकाबाईला मात्र शब्दन् शब्द कळल्यासारखं वाटलं. ती खुर्चीवरून उठली. तिला वाटलं, पडद्यात आरसा लागलाय. तिकडं लुगडं वेगळं, काठी तीच.

“डोळे झाका!” ती ओरडली. “सगळ्यायनी! तिचा पहिला मासा समुद्राला द्यायचा हाय अजून. त्याच्याआधी बघायचं न्हाई. मॅडम, तुमी बी!”

साऱ्या वर्गानं डोळे झाकले. मॅडमनं चष्मा काढला आणि डोळे मिटले. जनकाबाईनं पदर तोंडावर ओढला.

आणि मग समुद्र ऐकू आला.

डोळे उघडे होते तोवर तो नुसता दिसत होता. त्याचा आवाज कुणी ऐकलाच नव्हता. आता तो वर्गात शिरला. तो लांबून यायला निघायचा, जवळ यायचा, मोठा व्हायचा, आणि अगदी पायाशी येऊन काहीतरी सांगता सांगता मागं फिरायचा. जनकाबाईनं तो ओळखला. परवा दुपारी उंबऱ्यावर बसल्या बसल्या तिच्या अंगणात आला होता तोच. पदराआड तिला हळद दिसली, पाण्यावर तरंगणारी. मासळी दिसली, अंगणात वाळणारी. आणि एक बाई दिसली, ती आपण आहोत की दुसरी कुणी ते कळेना, पाण्याच्या कडेनं अनवाणी चाललेली. तिच्या मागं पिवळी पावलं उमटत होती. आवाज आला की पुसली जात होती, आवाज गेला की पुन्हा उमटत होती. किती वेळ गेला, कुणाला कळलं नाही. कुणी खोकलं नाही. कुणाच्या दप्तराचा बंद वाजला नाही. शाळेत एवढी शांतता मॅडमनं नोकरी लागल्यापासून ऐकली नव्हती.

पलीकडून म्हातारीचा आवाज आला. आता तो मऊ होता.

“हे सगळे डोळे मिटून कित्याक बसले?”

गुरुजींनी सांगितलं. काही क्षण नुसताच समुद्र. मग वाळूत पावलं वाजली, लांब गेली, पाण्यात काहीतरी टपकन पडलं. पावलं परत आली.

“झाला. बघा आता. पोटभर बघा.”

लेकरांनी डोळे उघडले. जनकाबाईनं पदर मागं केला आणि दाराकडं पाहिलं. वैष्णवी अजून भिंतीकडं तोंड करून उभी होती. डोळे तिचे मिटलेलेच होते, आणि चेहऱ्यावर असं काही होतं, जणू कुणी तिला नावानं हाक मारतंय आणि ती ओ द्यायची राहिलीय.

जनकाबाई तिच्यापाशी गेली. दोन्ही खांद्यांना धरून तिनं पोरीला वळवलं, पडद्याकडं.

“उघड.”

वैष्णवीनं डोळे उघडले. तिनं समुद्र या टोकापासून त्या टोकापर्यंत बघून घेतला. मग आजीला टेकूनच, मोठ्यानं, साऱ्या वर्गाला आणि त्या किनाऱ्याला ऐकू जाईल असं तिनं विचारलं, “आज्जी, समुद्राचा पलीकडचा काठ कुठं हाय?”

म्हातारीनं मोबाईलमध्ये वाकून पाहिलं. तिचा सुरकुतलेला चेहरा पडदाभर झाला.

“ता माका नाय म्हायत गो चेडवा. माझो घोव बघूक गेल्लो. अजून सांगूक परत येऊक नाय.”

इकडच्या लेकरांनी मॅडमकडं पाहिलं. मॅडम हळू आवाजात म्हणाली, “त्यांनाही माहीत नाही. त्यांचे मालक बघायला गेले होते. ते परत आले नाहीत.”

जनकाबाईला हे सांगायची गरज नव्हती. तिनं पडद्यासमोर जाऊन दोन्ही हात जोडले. म्हातारीनं काठी काखेत धरली आणि हात जोडले. दोघींच्या मधून समुद्र येत राहिला, जात राहिला. मग रेंज गेली आणि पडदा काळा झाला.

लेकरं एकदम बोलायला लागली. वैष्णवी त्यांच्यात जाऊन कधी बसली ते जनकाबाईला कळलंही नाही. ती हात पसरून कुणाला तरी लाट किती मोठी होती ते दाखवत होती. लाट दर वेळेला मोठी होत होती.

दारात हेडसर आले होते. कपाटाची चावी त्यांच्या हातात होती.

“दाखल्याचं काय करू, जनकामाय?” प्रियदर्शनी मॅडमनं विचारलं. तिचा आवाज बारीक झाला होता. परीक्षेला बसलेल्या पोरीसारखी ती उभी होती.

जनकाबाईनं चपला पायात सरकवल्या, इरकलीचा पदर खांद्यावर नीट केला, आणि साऱ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाली,

“दाखला ऱ्हाऊ द्या कपाटात. पोरगी हितंच शिकंल. मॅडम, तुमाला शिकवता येतं, ते मी आज बघितलं. अन् ऐकलं बी. पर विचारता येत न्हाई तुमाला. शिका ते. माझ्या दारात यायचं, ‘जनकाबाई, येऊ का’ म्हनून हाक मारायची, अन् मी काय म्हनते ते ऐकायला थांबायचं. ते जमेपर्यंत तुमी नापास!”